शेवंतीबाई तारोडीला जातात

ईश्वर पडवळ छत्तीस वर्षं एका लिफ्ट कंपनीत मेकॅनिक होते. खाली खड्ड्यात उभं राहून बाराव्या मजल्यावरच्या सहकाऱ्याशी बोलण्यात उमेदीचा काळ गेला. नंतर हातात मोबाईल आला, पण आवाज काही खाली आला नाही. त्यामुळे मीरा रोडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकसमोरून सकाळी आठच्या सुमारास कोणी जिना उतरत असेल, तर त्याच्या कानावर हमखास असं काहीतरी पडतं :

"शेवंतीबाई नाहीत हो. त्या काशिमीऱ्याला गेल्यात, गुरुवारी येतील... हरिश्चंद्र आहेत, पण त्यांचा एक पाय आखूड झालाय. रबर घातल्याशिवाय देता येणार नाहीत... काळेकाकू चालतील का? मोकळ्या आहेत. फक्त त्यांना न्यायला दोघं माणसं आणा, लिफ्टमध्ये उभं करावं लागतं त्यांना."

मागच्या वर्षी आलेल्या नव्या वॉचमननं आठवडाभर हे ऐकलं आणि एक दिवस सेक्रेटरींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साब, ये दुसरे मालेवाले अंकल का काम क्या है?"

सेक्रेटरींनी त्याला बी विंगच्या जिन्याखाली नेलं, दार उघडून दिवा लावला आणि शेवंतीबाई, हरिश्चंद्र, काळेकाकू या सगळ्या मंडळींची ओळख करून दिली. शेवंतीबाई ही व्हीलचेअर. हरिश्चंद्र हा वॉकर. काळेकाकू म्हणजे डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर करता येते तो लोखंडी पलंग. मागे भिंतीला टेकून कुबड्या, चार पायांच्या काठ्या, हवेच्या गाद्या. हाडं मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या, म्हातारपणानं अडकलेल्या कुणालाही पडवळ यातली वस्तू घेऊन जाऊ देतात. भाडं नाही, डिपॉझिट नाही, ओळखीचा माणूस आणायची अट नाही. बरे व्हा आणि परत आणून द्या, एवढंच.

सुरुवात घरातूनच झाली. नऊ वर्षांपूर्वी मनोरमाबाईंचा, म्हणजे सौ. पडवळांचा, पाय मोडला. पडवळांनी एक वॉकर आणि एक व्हीलचेअर आणली. मनोरमाबाई तीन महिन्यांत टुणटुणीत झाल्या आणि दोन्ही वस्तू गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागल्या. मग ए विंगमधल्या एका काकांचा गुडघा गेला, त्यांनी वॉकर मागितला. त्यांच्याकडून तो परस्पर त्यांच्या साडूकडे भाईंदरला गेला, तिथून साडूच्या शेजाऱ्याकडे. पाच महिन्यांनी वॉकर परत आला, तेव्हा त्याच्यावर तीन घरांनी तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. पडवळांना त्याचा अभिमानच वाटला. स्वतः छत्तीस वर्षं लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त केली, पण त्यातल्या एकाही लिफ्टनं कधी एवढी माणसं जोडली नव्हती.

"मी पाय मोडून घेतला म्हणून तुमचं केंद्र निघालं," असं मनोरमाबाई आजही पाहुण्यांसमोर सांगतात. "उद्घाटनाला मला कुणी बोलावलं नाही."

लोक मग वस्तू आणून द्यायला लागले. आणि आपल्याकडे देणगी म्हटली की नाव आलं. मंदिरातला पंखा असो की बागेतला बाक, त्याच्यावर कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ असल्याशिवाय पंख्याला वारा सुटत नाही आणि बाकावर बसवत नाही. पडवळांकडे लिफ्टच्या काळातले अक्षरांचे पत्र्याचे साचे होते. प्रत्येक वस्तूवर ते लाल ऑइलपेंटनं नाव उठवायला लागले. हाताला जुनं वळण असं, की पहिल्या व्हीलचेअरवर नावाच्या खाली त्यांनी 'क्षमता : १ व्यक्ती' असंही लिहून टाकलं. मनोरमाबाईंनी दाखवलं तेव्हा म्हणाले, "असू दे. चुकीचं तर नाही ना?"

नाव कुठे हवं याबद्दलही माणसांची मतं ठाम असतात. व्हीलचेअरच्या पाठीवर आईचं नाव हवं म्हणणारे तीन जण येऊन गेले. कमोडची खुर्ची देणाऱ्यांनी मात्र एकजात सांगितलं, "नाव नको. गुप्तदान समजा." आज केंद्रात सहा कमोड आहेत आणि सहाही निनावी हितचिंतकांचे आहेत.

वस्तू ओळखायच्या तर नावानंच. व्हीलचेअर नंबर तीन म्हटलं की पडवळांना आठवत नाही. शेवंतीबाई म्हटलं की तिचं डावं चाक कुरकुरतं, ती शेवटची कोणाकडे होती आणि त्या घरात चहात आलं किती घालतात, इथपर्यंत सगळं आठवतं. कारण त्यांचा एक नियम आहे. वस्तू नेली की दर रविवारी फोन करून पेशंटची तब्येत कळवायची. फोन आला नाही तर सोमवारी पडवळ स्वतः हजर होतात. पहिल्या खेपेला तर ते वस्तू स्वतःच पोचवतात आणि ब्रेक कसा लावायचा हे पेशंटला, पेशंटच्या सुनेला आणि सापडला तर जावयालाही शिकवून येतात. "लिफ्ट पडली तर ब्रेक आहे," ते म्हणतात. "माणूस पडला तर नाही."

या शेवंतीबाईंचे यजमान म्हणजे महिपत सुर्वे. सी विंग, तळमजला. पोस्टमन म्हणून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, पण शर्टाची इस्त्री अजून ड्यूटीवर निघाल्यासारखी. शेवंतीबाई जायच्या आधी सात वर्षं संधिवातानं घरात अडकल्या होत्या. शेवटचं वर्षभर व्हीलचेअरवर होत्या, तेही बेडरूम ते खिडकी एवढ्याच. त्या गेल्यावर तेराव्या दिवशी सुर्व्यांनी ती खुर्ची ढकलत पडवळांच्या दारात आणली.

"कै. सौ. लिहा," ते म्हणाले. "सौ. विसरू नका, माझ्याआधी गेलीय ती. आणि एक शब्द द्या. हे नाव पुसायचं नाही, झाकायचं नाही, त्याच्यावर दुसरं काही डकवायचं नाही."

"दिला," पडवळ म्हणाले.

त्यानंतर चार वर्षं दर महिन्याला सुर्वे जिन्याखाली येतात आणि विचारतात, "कुठाय?" पडवळ सांगतात, "भाईंदर वेस्टला, खाडीजवळ." किंवा "काशिमीऱ्याला, हायवेच्या पलीकडे." सुर्वे मनातल्या मनात पिनकोड लावतात. पोस्टातल्या माणसाला गाव आकड्यानं दिसतं. "म्हणजे शून्य एक झालं," ते म्हणतात. "शून्य चार तर गेल्या दिवाळीतच झालं. शून्य पाच दोनदा झालं. सातात तर आपण राहतोच." मग इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट करत पुढे बोलतात, "पडवळ, जिवंतपणी तिला कॉम्प्लेक्सच्या गेटपर्यंत नेता आलं नाही हो मला. आता बघा, कशी भटकतेय. फक्त सहा राहिलंय."

सहा म्हणजे चार-शून्य-एक-एक-शून्य-सहा. उत्तनचा पट्टा. मीरा-भाईंदरचं समुद्राकडचं टोक. तिकडून पडवळांना कधी फोनच आला नव्हता.

तो आला यंदा जानेवारीत, एका बुधवारी. मॅन्युएल नावाचे गृहस्थ स्वतःच येऊन उभे राहिले. राहायला उत्तनजवळ तारोडीला, नोकरीला मीरा रोडच्या एका शाळेत लॅब असिस्टंट. त्यांची आई ज्युलियाना, वय एक्क्याऐंशी, ओसरीवरून पाय घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. घरात दोन पावलं वॉकरनं टाकत होती, पण डॉक्टरांनी बाहेर चालायला सक्त मनाई केलेली. आणि रविवारी मॅन्युएलच्या मुलीचं, जेनेलचं, लग्न.

"चर्चला गाडीनं नेईन अंकल, त्याचं टेन्शन नाय," मॅन्युएल म्हणाले. "टेन्शन शनवारचं हाय. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. त्या पाण्यानं नवरीची अंघोळ. आमच्या घरात पहिला हंडा आजीनं काढायचा. माझ्या बहिणींच्या वेळेला माझ्या आजीनं काढला. आता जेनेलचा आईनं काढायचा. गल्ली एवढीशी, तिकडे गाडी जात नाय. आई महिनाभर एकच बोलतेय, विहिरीवर कशी जाऊ."

"मग व्हीलचेअर विकत का नाही घेतली?" मनोरमाबाईंनी आतून विचारलं. त्या कधीच पूर्णपणे आत नसतात.

"घेत होतो! ती बोलते, इकत आणली तर मी कायमची बसले. मागून आणलेली परत करायची असते, म्हणजे मी उठणार."

पडवळ हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी मॅन्युएलच्या पाठीवर थाप मारली. नऊ वर्षं ते जे करत होते त्याचं मर्म एका न पाहिलेल्या म्हातारीनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. पाचही व्हीलचेअर बाहेर होत्या, पण शेवंतीबाई दुसऱ्याच दिवशी काशिमीऱ्याहून परत येणार होत्या.

गुरुवारी दुपारी पडवळांनी शेवंतीबाईंचं कुरकुरणारं चाक उघडून तेल घातलं, त्यांना घडी करून पिंटूच्या रिक्षात मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतः उरलेल्या दीड वीत जागेत बसले. पिंटू हा पूनम सागरच्या नाक्यावरचा रिक्षावाला, वय सत्तेचाळीस, केंद्राच्या कामाला मीटर टाकत नाही आणि त्या बदल्यात वाटभर बोलतो. निघताना मनोरमाबाईंनी एक रिकामी पिशवी दिली. सुक्या मासळीच्या उत्तनकडे निघालेल्या माणसाबरोबर घरातून रिकामी पिशवी का जाते, हे मीरा रोडमध्ये कुणी विचारत नाही.

तारोडीला मॅन्युएलच्या दारात मांडव घालणं चालू होतं. अंगणात बायका फुगे तळत होत्या. म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोल, टम्म फुगलेले गोळे. ज्युलियाना ओसरीवरच्या खाटेवर बसून मांडवाचे खांब, तेलाची धार आणि सुनेचं डोकं या सगळ्यावर एकाच वेळी देखरेख करत होती. बांधा लहान, आवाज मात्र पडवळांच्या तोडीचा. पन्नास वर्षं मीरा रोडच्या बाजारात मासळी विकून कमावलेला.

"आली गाडी?" ती ओरडली. "आन इकडं. बगू."

पडवळांनी खुर्ची उलगडली, ब्रेक लावून दाखवला, काढून दाखवला, जेनेलला करायला लावला. "मावशी, पाय आधी असे वर घ्यायचे, मग..."

पण ज्युलियाना ऐकत नव्हती. पन्नास वर्षं पापलेट उलटंपालटं करून कल्ला बघितल्याशिवाय ज्या बाईनं होडीवरचा माल घेतला नाही, ती खुर्ची तशीच कशी घेणार? तिनं हातानं ती फिरवली, सीट दाबली, चाक हलवलं आणि शेवटी पाठ आपल्याकडे केली. अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी होती. ज्युलियानाची मराठी चौथी झालेली.

"कै... सौ... शेवंती... महिपत... सुर्वे..." तिनं बोट फिरवत वाचलं. "यांच्या... स्मरणार्थ."

फुगे तळणाऱ्या बायका झारा हातात धरून ओसरीकडे बघायला लागल्या.

"ही मेली?" ज्युलियानानं विचारलं.

"हो... म्हणजे चार वर्षं झाली."

"या गाडीत बसून?"

"नाही नाही! पलंगावर. झोपेत," पडवळ घाईघाईनं म्हणाले, जणू काही तो खुर्चीचा गॅरंटीचा प्रश्न होता.

"न्हाय," ज्युलियाना म्हणाली. "नातीचं पानी आनायला मी मेलेलीच्या गाडीत बसू? न्हाय बसनार."

पिंटूनं रिक्षातूनच मार्ग काढायचा प्रयत्न केला. "आजी, तुम बैठेगी तो नाम पीछे जायेगा. तुमको कहाँ दिखेगा?"

"मला न्हाय दिसनार रं, पन म्होरं मी चालनार! मागून बँड, मागून आख्खा गाव. सगला गाव माझ्या पाठीवर मयताचं नाव वाचीत येल. हार घालतील मला लोकं!"

जेनेल हसू दाबत पुढे आली. मुलगी समजूतदार, नर्सिंग केलेलं. "अंकल, सिंपल आहे ना. माझ्या डेकोरेशनचं पांढरं सॅटिन आहे. मागे मोठा बो बांधते. नाव दिसणार पण नाही, आणि किती छान दिसेल."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मॅन्युएल सॅटिन आणायला वळलेसुद्धा. तेवढ्यात पडवळ म्हणाले, "ते नाही करता येणार."

"काय?"

"नाव झाकायचं नाही, असा शब्द दिलाय मी. ह्यांच्या मिस्टरांना."

"अंकल, दोन दिवसांची गोष्ट हाय! त्यांना कुठून समजणार?"

"त्यांना नाही समजणार," पडवळ म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला. "पण दर महिन्याला ते मला विचारतात. मला खोटं बोलता येत नाही हो, माझा आवाज मोठा आहे."

हे कारण कोणाला पटलं नाही, पण पडवळांना पटलेलं होतं. ज्युलियाना मात्र वाद घालायच्या पलीकडे गेली. तिनं अंगावरची चादर वर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"ऱ्हाऊ द्या. दुसरी कोनी काढा हंडा."

एवढा वेळ चढा असलेला तो आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. फुगे तळणाऱ्या बायकांपैकी कोणी 'मी काढते' म्हणालं नाही. जेनेल खाटेच्या कडेला बसली आणि तिचं हसू गेलं. पडवळांनी अंगणाच्या टोकाला जाऊन सुर्व्यांना फोन लावला. तो मांडवातल्या सगळ्यांना ऐकू आला.

"सुर्वे, अहो, शेवंतीबाई तारोडीला आल्यात... हो, सहामध्ये... पण जरा अडचण आहे. लग्नाचं घर आहे. दोन दिवस नावावर कापड टाकायची परवानगी..."

पलीकडून सुर्वे काय म्हणाले ते फक्त पडवळांनी ऐकलं, पण त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. सुर्वे म्हणाले होते, "लग्नाला न्यायचं आणि तोंड झाकून न्यायचं? मी येतो. हलवू नका तिला."

पूनम सागरहून तारोडीला यायला दोन बस आणि पाऊण तास बसची वाट बघणं, असा दोन तासांचा मामला आहे. तेवढ्यात पडवळांना तीनदा चहा झाला आणि पिंटूनं अकरा फुगे खाल्ले. बारावा त्यानं लाजून परत ठेवला आणि मग उचलला. ज्युलियानाचं तोंड भिंतीकडेच होतं, पण खाटेजवळच्या भिंतीला आरसा टांगलेला होता आणि त्यातून ती मांडवाच्या खांबांवर नजर ठेवून होती.

सुर्वे आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात छत्री, जानेवारीत. कोणाला नमस्कार न करता ते आधी खुर्चीजवळ गेले, नावावरून रुमाल फिरवला आणि मग खाटेकडे वळले.

"तुम्ही का ह्यात बसत नाही?"

"तू का झाकू देत न्हाय?" ज्युलियाना वळली.

"बाई, सात वर्षं ती घराबाहेर पडली नाही. खिडकीतून बघायची, कोण कुठं चाललंय. आता कुठं फिरायला मिळतंय तिला. कोणाच्या प्लास्टरला जाते, कोणाच्या ऑपरेशनला जाते. लग्नाला पहिल्यांदा बोलावणं आलंय. आणि पडद्याआड बसवताय?"

ज्युलियानानं अंगावरची चादर बाजूला सारली. मग खाटेवर हात आपटून म्हणाली, "बस इथं. छत्री ठेव खाली. सांग, कशी व्हती?"

"कोण?"

"तुझी बायको रं, दुसरं कोन? भांडायची?"

सुर्व्यांना हा प्रश्न चार वर्षांत कोणी विचारला नव्हता. 'फार शांत स्वभाव', 'देवमाणूस' असं लोक परस्परच ठरवून बोलत आले होते. ते जरा सावरून बसले. "भांडायची म्हणजे... रोज. टपाल चुकलं तर साहेब एकवेळ सोडायचे, पण स्वयंपाकात माझ्या हातून मीठ चुकलं तर ती सोडायची नाही."

"मासली खायची?"

"कोकणातली होती. सोमवार सोडून रोज."

"सुके बोंबील?"

"उत्तनचेच. मीरा रोडच्या बाजारातून आणायची. चालता येत होतं तोपर्यंत स्वतः जायची."

ज्युलियाना पुढे झुकली. "घासाघीस करायची?"

"भयंकर," सुर्वे म्हणाले. "अर्धा तास."

"आनि सौदा झाल्यावर वरून दोन बोंबील उचलायची?"

"चार."

"तीच!" ज्युलियानानं टाळी वाजवली. "मॅन्युएल, वलखली मी हिला! माझं गिऱ्हाईक! उंच व्हती ना?"

"नाही, ठेंगणी..."

"तीच, ठेंगणीच. बसून मला उंच दिसायची. बया, किती छळली हिनं मला! चार-चार बोंबील!"

मीरा रोडच्या बाजारात पन्नास कोळणी बसतात आणि त्यांच्यापुढे घासाघीस न करता, वरून बोंबील न उचलता गेलेली बाई अजून जन्माला यायचीय. हे पडवळांना माहीत होतं, पिंटूला माहीत होतं, सुर्व्यांना तर नक्कीच माहीत होतं. पण सुर्व्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मान हलवत म्हणत होते, "हो, तीच. तीच असणार."

"मग आदी सांगायचं ना!" ज्युलियाना पडवळांवर उखडली. "मला वाटलं कोन परकी! ही तर माझी मानसं हायत. येऊ दे तिला लग्नाला. नाव ऱ्हाऊ दे, मोठ्ठं हाय ते बरं हाय. जेनेल, ते सॅटिन खालती बांद, चाकाला. नाव मोकलं ठेव." आणि सुर्व्यांकडे बोट दाखवून, "शनवारी तू यायचं. तुझी बायको हाय, तूच ढकलायची."

शनिवारी दुपारी चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे व्हीलचेअर. तीत ज्युलियाना, लाल लुगडं, अंगावर पिढीजात दागिने, मांडीवर तांब्याचा हंडा. खुर्ची ढकलायला नव्या शर्टातले सुर्वे. मागे जेनेल, तिच्या मैत्रिणी, गावच्या बायका, आणि त्यांच्या मागे ट्रम्पेट, ढोल, सॅक्सोफोन असा सगळा बँड. गाव पाठीवरचं नाव वाचत होतं आणि ज्युलियाना मान मागे वळवून एकेकाला सांगत होती, "माझं गिऱ्हाईक! मीरा रोडची! लग्नाला आलीय!"

पडवळ सकाळीच येऊन गल्ली टेपनं मोजून गेले होते. दोन ठिकाणी गटाराच्या झाकणावर त्यांनी फळ्या टाकल्या होत्या. पण विहिरीपाशी उतरायला सात पायऱ्या होत्या, आणि सात पायऱ्यांना फळी पुरत नाही. तिथे बँड थांबला. मॅन्युएल म्हणाले, "आई, हितूनच हंड्याला बोट लाव. खालती मी काढतो."

"मी हितवर बोट लावायला आले?"

मग पडवळांनी मनगटावरचं घड्याळ काढून मनोरमाबाईंकडे दिलं. मनोरमाबाई आल्या होत्या, रिकामी पिशवी घेऊन. चारी बाजूंना चार माणसं उभी केली : मॅन्युएल, पिंटू, बँडमधला जाडजूड ढोलवाला आणि सुर्वे. सुर्व्यांना सगळ्यांनी नको म्हटलं, पण ते खुर्चीचा दांडा सोडेनात.

"ब्रेक लावा!" पडवळांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीतला आवाज काढला. "मावशी, हंडा घट्ट. पुढचे दोघं, खाली... खाली... थांब! डावीकडे अर्धा इंच वर! ढोलवाले, तुम्ही! हं... खाली... अजून... टेकली!"

एकेका पायरीला मिरवणुकीतून आरोळी उठत होती. ट्रम्पेटवाल्यानं चौथ्या पायरीपासून प्रत्येक वेळी एक सूर द्यायला सुरुवात केली. ज्युलियाना मध्ये राणीसारखी बसून, "सावकाश रं, माशांची टोपली न्हाय!" असं बजावत होती. सातव्या पायरीवर खुर्ची सरळ झाली आणि सगळ्या विहिरीभोवती टाळ्या वाजल्या. सुर्वे धापा टाकत होते. त्यांना कोणी बसायला सांगितलं तर त्यांनी ऐकलंच नाही.

दोर हंड्याला बांधला होता. जेनेलनं आजीच्या खांद्याला धरलं. ज्युलियानानं हंडा खाली सोडला, पाण्याचा आवाज येईपर्यंत कान दिला आणि मग ओढायला लागली. मॅन्युएलनं मदतीला हात पुढे केला. तिनं त्याच्या हातावर चापट मारली. मासळीच्या टोपल्या उचललेले हात होते ते. खुबा नवा असला तरी हात जुनेच होते. हंडा हळूहळू वर आला, कठड्याला टेकला, आणि आजीनं तो मांडीवर घेतला तेव्हा त्यातलं निम्मं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर, खुर्चीच्या सीटवर, चाकांवर आणि मागच्या लाल अक्षरांवर सांडलं.

बँडनं एकदम जोर धरला. बायका गाऊ लागल्या. जेनेल रडत हसत होती आणि आजी तिला म्हणत होती, "रडू नको, काजल जाईल, फोटो हायत."

सुर्व्यांनी सवयीनं खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि नावावरचं पाणी पुसायला वाकले. ज्युलियानानं मान वळवली.

"ए! पुसू नको. लग्नाचं पानी पुसत न्हायत."

सुर्व्यांनी रुमाल तसाच हातात धरला. पडवळ शेजारीच उभे होते. ओल्या चाकाकडे बघून त्यांचा जीव खालीवर होत होता. "बेअरिंगला गंज धरेल हो," ते पुटपुटले. पडवळांचं पुटपुटणं म्हणजे ते ढोलवाल्यालाही ऐकू गेलं. पण त्यांनीही चाक पुसलं नाही. सुर्व्यांच्या पाठीवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि उन्हात वाळेपर्यंत खुर्ची आजीला घेऊन तशीच, ठिबकत, विहिरीच्या काठी उभी होती.